गॅसची गोळी औषधात मोजत नाहीत

दुकानात सगळ्यात जास्त खपते ती हीच.
डाव्या हाताचा दुसरा खण,
न बघता काढता येते,
कात्री न लावता चार-चार फाडून देता येते,
सुटे नसले की चिल्लरच्या जागी चालते.
सिंदेवाहीची एसटी सुटायच्या आत
दहा-बारा पट्ट्या जातात.
कोणी नाव विचारत नाही. कोणी चिठ्ठी दाखवत नाही.
मीही मागत नाही.

पारबता येरणेला मी ती सात महिने दिली.

आसपासच्या नऊ गावांत लग्नाचा रस्सा तिच्या हातचा.
पदर कमरेला, तीन चुलींच्या मधोमध उभी,
हातात वल्ह्याएवढा झारा.
मग रक्तात काही निघालं,
पांढऱ्या पेशींचं, लांबलचक नावाचं.
नागपूरहून रोजची एक गोळी सुरू झाली.
सुई नाही, भरती नाही, केस गेले नाहीत,
म्हणून गावानं त्याला कॅन्सर मानलंच नाही.

"पोटात चूल पेटली रे भोजू," ती म्हणाली,
"आन् या चुलीवर काईच शिजत नाई."
मी खण उघडला.
सकाळी उपाशीपोटी एक, म्हटलं. पैसे राहू दे, मावशी.
त्या 'राहू दे'चं मला फार बरं वाटायचं.

पहिल्या रिपोर्टात आकडा उतरला होता.
दुसऱ्यात अडला.
तिसऱ्यात चढला.
गोळी चुकवता का बाई, त्यांनी विचारलं.
पुढच्या खेपेला ती रिकाम्या पट्ट्यांचा
डालड्याचा डबाच घेऊन गेली,
टेबलावर उपडा केला.
मोजा, म्हणाली.

तिथल्या औषधं देणाऱ्या पोरीनं मोजल्या नाहीत.
विचारलं, आणखी काय घेता?
काईच नाई.
बीपीची? शुगरची?
नाई ना माय. गॅसची तेवढी.

पोरीचं पेन थांबलं, म्हणे.

हे सगळं तिनं मला काउंटरशी उभं राहून सांगितलं,
रागावून नाही,
एखाद्या नव्या सुनेला भाजी सांगावी तसं:
"साऱ्याच गोळ्यांचं असं नसते.
पन ही विरघळाले पोटात आंबट लागते.
अंबाडीची भाजी माईत हाय ना तुले?
डाळ शिजाच्या आंधी अंबाडी टाकली
तं डाळ टणकच रायते.
हे त्याच्या उलटं हाय.
इथं आंबटाबिगर शिजतच नाई.
तू आंबट मारे, मी गोळी गिळो,
अर्धी तं तशीच वाहून जात असंन."

माझं प्रमाणपत्र भिंतीवर आहे,
त्याच्या काचेत ती दिसत होती.
तिची गोळी माझ्या दुकानात कधी आली नव्हती.
तिनं खोक्यातला कागद पुढे केला,
घड्यांवर घड्या, मुंगीएवढी अक्षरं.
चौथ्या घडीत होतं सगळं.

आता ती गोळी बंद.
डॉक्टरांनी गुलाबी पातळ औषध दिलंय,
तेही खऱ्या गोळीपासून दोन तास लांब.
तिच्या घड्याळाला सेल नव्हता.
तो मी दिला. या वेळी पैसे घेतले.

हल्ली कोणी गॅसची मागितली की विचारतो,
आणखी काय घेता?
लोक चिडतात. ड्रायव्हर हॉर्न मारतो.
"दे ना बाबू, तू का डाक्टर हायेस?"
पानठेल्यावरचा हंसराज हसतो.
शंभरांतल्या नव्याण्णवांना खरंच काही होत नाही.

तिचा रिपोर्ट गुरुवारी.

काल तिनं डबाभर पाटोडीचा रस्सा पाठवला,
वर बोटभर तर्री.
नाक पुसत पुसत सगळा खाल्ला.
रात्री दोनला छातीत जाळ उठला.
मला चालते ती गोळी. मला काही झालेलं नाही.
तरी दुकानात उतरून, दिवा न लावता,
त्या खणावर हात ठेवून
बराच वेळ उभा होतो.